तीन पानांचं वादळ आणि सातशे वर्षांची लिपी

मलेशियाची रिंगिटची नोट नीट बघितली की एक गोष्ट लक्षात येते. बँक नेगारा मलेशिया हे नाव त्यावर दोनदा आहे. एकदा रोमन अक्षरांत आणि एकदा उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या, अरबीसारख्या दिसणाऱ्या अक्षरांत. आपल्याला वाटतं की अरबी भाषाच असेल. मुसलमान देश आहे, असणारच. पण ती भाषा अरबी नाही, मलायच आहे. फक्त लिपी वेगळी. तिचं नाव जावी.

या जावी लिपीच्या तीन पानांवरून २०१९ साली मलेशियात एवढं रणकंदन झालं की रस्त्यावर मोर्चे निघतात की काय, असं वातावरण होतं. तीन पानं. तीही चौथीच्या पुस्तकातली. आपल्याकडे भाषेच्या सक्तीवरून काय काय होतं ते आपण बघतोच, म्हणून म्हटलं हा विषय जरा मुळापासून लिहू. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी काय होतं?

मलाय भाषा ही मलेशिया, ब्रुनेई, सिंगापूर, दक्षिण थायलंडचा पट्टा आणि इंडोनेशिया या सगळ्या भागाची. इंडोनेशियाची राष्ट्रभाषाही मूळ मलायच. ही भाषा लिहायला सुरुवात झाली ती आपल्याकडच्या लिपीत. सुमात्रा बेटावर पालेंबांगजवळ केदुकान बुकित नावाचा शिलालेख सापडला. काळ इ. स. ६८२-८३. लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीची, भाषा जुनी मलाय, आणि तारीख चक्क शकात! वैशाख शुद्ध एकादशी. आपल्या घरातल्या कालनिर्णयावर जो शक छापलेला असतो, तोच शक तेराशे वर्षांपूर्वी सुमात्रातला राजा दगडावर कोरून घेत होता.

मलायमध्ये संस्कृत शब्दांचा भरणा त्यामुळेच आहे. भाषेला म्हणतात बहासा. तोंडाला मुका. नवऱ्याला सुआमी म्हणजे स्वामी, बायकोला इस्तरी. जीव म्हणजे जिवा. मलेशियात भाषेचं काम बघणारी सरकारी संस्था आहे तिचं नाव ‘देवान बहासा दान पुस्ताका’. यातला ‘दान’ म्हणजे ‘आणि’, तेवढा सोडला तर दिवाण, भाषा, पुस्तक. मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायची गरजच नाही.

मग इस्लाम आला. तलवार घेऊन नाही, मुख्यतः व्यापाऱ्यांच्या जहाजांतून. गुजरात, कोरोमंडल, अरबस्तान इथून येणारे व्यापारी. त्यांच्याबरोबर कुराण आलं आणि कुराणाबरोबर अक्षरं आली. आग्नेय आशियातल्या या सगळ्या प्रदेशाला अरब लोक ‘जावा’ म्हणायचे आणि तिथल्या माणसाला ‘जावी’. त्यावरून लिपी जावी.

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानू राज्य आहे. तिथे क्वाला बेरांग या गावी १८८७ साली पुरानंतर एक दगड सापडला. चारही बाजूंना लेख कोरलेला. जावीतला सगळ्यात जुना म्हणून जो लेख मानला जातो तो हाच. त्याची तारीख हिजरी ७०२ म्हणजे इ. स. १३०३ अशी धरतात. वरचा भाग फुटलेला असल्याने काही अभ्यासक ती थोडी पुढे, त्याच शतकात ढकलतात. २००९ मध्ये युनेस्कोने या दगडाची जागतिक स्मृतीच्या यादीत नोंद केली.

दगडावर काय आहे? कायदे. कर्ज, व्यभिचार, खोटी साक्ष, दंड. म्हणजे अगदी आपल्या गावगाड्यातल्या निवाड्याचे विषय. आणि गंमत अशी की इस्लामचा कायदा सांगणाऱ्या या दगडावर देवासाठी शब्द आहे ‘देवता मुलिया राया’. मुलिया म्हणजे थोर, राया म्हणजे महान. अक्षरं अरबी, धर्म नवा, पण देवाला हाक मारायची जुनीच. लिपी बदलली म्हणून लोक एका रात्रीत बदलत नाहीत, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

अक्षरं कमी पडली, मग ठिपके दिले

आता खरी अडचण सुरू होते. अरबीत च नाही, प नाही, ग नाही. मलायला तर ङ आणि ञ सुद्धा लागतात. मग तिथल्या लेखकांनी काय केलं? असलेल्या अक्षरांना ठिपके वाढवले. जीमच्या पोटात तीन ठिपके दिले, झाला च. फे वर तीन ठिपके, झाला प. काफवर एक ठिपका, झाला ग. ऐनवर तीन ठिपके, झाला ङ. नूनला तीन ठिपके, ञ तयार. परक्या ‘व’साठी वाववर ठिपका ही पुढच्या काळातली भर. फारसीवाल्यांनी प साठी वेगळी युक्ती केली होती, ती मलाय लोकांनी उचलली नाही. आपली आपण शोधली. म्हणजे ही उसनी लिपी नव्हे. उसन्या कापडाचा स्वतःच्या मापाने शिवलेला सदरा आहे.

पण स्वरांचं काय? अरबी लिपीत दीर्घ स्वरांसाठी तीनच अक्षरं: अलिफ, वाव, या. मलायला स्वर लागतात सहा. त्यामुळे वाव हा उ पण आणि ओ पण. ‘या’ हे ई पण आणि ए पण. आणि एक अर्धवट उच्चाराचा ‘अ’ आहे मलायमध्ये, त्याला अक्षरच नाही. जुन्या काळी तर बरेचसे स्वर लिहीतच नसत. समजा ब, न, त, ङ एवढीच अक्षरं लिहिली, तर तो बिंतांग असू शकतो, म्हणजे तारा. बेंतेंग असू शकतो, म्हणजे तटबंदी. बांतेंग असू शकतो, म्हणजे रानबैल. किंवा बन्तांग, म्हणजे पसरणं. कुठला ते वाक्यावरून ओळखायचं. त्यात जुन्या हस्तलिखितांत ठिपकेही पुष्कळदा गाळलेले, म्हणजे क आणि ग एकच.

हे वाचून हसू नका. आपली मोडी आठवा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदच नाही. इकार एकच, उकार एकच. कारकून ओघात लिहायचा आणि वाचणारा संदर्भाने लावायचा. लिहिणारा आणि वाचणारा एकाच गावगाड्यातले असले की असं चालतं. वाचणारा लांबचा किंवा दोनशे वर्षांनंतरचा असला की गाडी अडते.

म्हणून नियम करायची गरज पडली. सिंगापूरजवळ रिआऊ द्वीपसमूहात पेन्येंगात नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या राजघराण्यातल्या राजा अली हाजी यांनी १८५० च्या दशकात ‘बुस्तान अल-कातिबीन’ म्हणजे ‘लेखनिकांची बाग’ नावाचं पुस्तक लिहिलं. मलाय कशी लिहावी, अक्षरं कशी जोडावी, याची शिस्त सांगणारं हे सुरुवातीचं पुस्तक. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण आलं ते साधारण त्याच्या थोडं आधीचं, १८३६ चं. काळ सारखाच. सगळीकडे छापखाना येत होता आणि छापखान्याला शिस्त लागते.

विसाव्या शतकात हे काम झैनल आबिदीन अहमद यांनी पुढे नेलं. मलेशियात त्यांना ‘झाबा’ म्हणून ओळखतात (१८९५-१९७३). त्यांनी रोमन आणि जावी दोन्हींची लेखनपद्धत बसवली. पुढे १९८४ मध्ये तेरेंगानूत जावीवर परिषद झाली आणि त्यातून १९८६-८७ च्या सुमारास सुधारित नियमावली आली. आजची पाठ्यपुस्तकं त्यावर चालतात.

या नियमांतला एक मला फार आवडतो. त्याला म्हणतात ‘देरलुंग’चा नियम. शब्दाच्या शेवटी ‘आ’ आला तर अलिफ कधी लिहायचा? द, र, ल, व आणि ङ या पाच अक्षरांनंतर आला तरच. ती पाच अक्षरं लक्षात राहावीत म्हणून केलेला शब्द म्हणजे देरलुंग. त्यामुळे दादा (म्हणजे छाती), बारा (निखारा), बोला (चेंडू), जिवा (जीव), बुंगा (फूल) यांच्या शेवटी अलिफ लिहायचा. पण माता (डोळा) आणि राजा यांच्या शेवटी नाही. राजा लिहायचा ‘राज’ आणि वाचायचा ‘राजा’.

आणि नियम आला की अपवाद आलाच. ‘पदा’ (म्हणजे ‘-ला, -वर’ अशा अर्थाचा) शब्द देरलुंगात बसतो, तरी त्याला अलिफ नाही. कारण? पूर्वीपासून लोक तसंच लिहीत आले. इनी, इतु, पदा असे रोजच्या वापरातले शब्द जुन्याच पद्धतीने ठेवले. आणि अरबीतून आलेले शब्द अरबीतल्याप्रमाणेच लिहायचे, मग मलाय माणूस उच्चार काही का करेना.

हे सगळं ओळखीचं वाटतंय ना? १९६२ च्या आपल्या शुद्धलेखन नियमांत हेच तर आहे. तत्सम शब्द संस्कृतप्रमाणे, मराठी शब्द मराठीप्रमाणे, काही शब्द रूढीप्रमाणे. बातमी लिहिताना डेस्कवर आम्ही अजून ‘किंमत’ आणि ‘कीर्ती’वर अडतो. जगात कुठेही जा, शुद्धलेखन म्हणजे आजोबांचा मान राखून नातवाची सोय बघणं. दोन्ही एकदम पूर्ण जमत नाही.

जावीतली आणखी एक युक्ती सांगतो. मलायमध्ये अनेकवचन करायला शब्द दोनदा म्हणतात. ओरांग म्हणजे माणूस, ओरांग-ओरांग म्हणजे माणसं. जावीत दुसऱ्यांदा लिहायचे कष्ट नाहीत. शब्दापुढे २ हा आकडा टाकला की झालं. मेसेजमध्ये आपली पोरं आज करतात ते या लोकांनी कधीच केलं होतं.

या लिपीत लिहिलं कोणी?

फक्त मौलवींनी? अजिबात नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण २०१९ चं भांडण यावरच झालं.

मोलुक्का बेटांतल्या तेर्नातेच्या सुलतानाने १५२१-२२ मध्ये पोर्तुगालच्या राजाला जावीत पत्रं पाठवली. ती लिस्बनच्या दफ्तरखान्यात आजही आहेत. मलायमधली सगळ्यात जुनी उपलब्ध पत्रं तीच. लक्षात घ्या, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि लगेच १५११ मध्ये मलाक्का. आपलं गोवा आणि त्यांचं मलाक्का एकाच आल्बुकर्कच्या हातून पडलं. पुढे १६१५ मध्ये आचेच्या इस्कंदर मुदा सुलतानाने इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला सोन्याच्या नक्षीचं मोठं देखणं पत्र लिहिलं, तेही जावीतच. करारमदार, व्यापाराचे परवाने, राजकारण सगळं या लिपीत चाले. १७५८ मध्ये डचांनी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, जावी लिपीत बायबल छापलं. बायबल! मिशनऱ्यांना कळत होतं की मलाय माणसापर्यंत पोचायचं तर त्याच्या लिपीतून. आपल्याकडे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठीत आणि ते १६१६ मध्ये गोव्यात रोमन अक्षरांत छापलेलं. लिपीला धर्म नसतो. धर्म आपण चिकटवतो.

आणि आता आपल्याशी थेट संबंध. एकोणिसाव्या शतकात जावी लिपीतली मलाय पुस्तकं मुंबईत छापली जात. होय, आपल्या मुंबईत. शिळाप्रेसवर. शिळाप्रेसला खिळे लागत नाहीत. कातिबाने हाताने लिहिलेलं जसंच्या तसं दगडावरून उमटतं, त्यामुळे अशा वळणदार लिपीला ती पद्धत सोयीची. मुंबईत ते कसब होतं, बंदर होतं. मलाय वाचक हजारो मैलांवर आणि त्याचं पुस्तक मुंबईच्या दगडावर. मुंबईच्या छापखान्यांचा इतिहास सांगताना हे पान आपण सहसा उघडत नाही.

वर्तमानपत्रांचंही तसंच. मलाय भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र १८७६ मध्ये सिंगापुरात निघालं, ‘जावी पेरानाकान’. काढणारे कोण? भारतीय मुसलमान बाप आणि मलाय आई अशा घरांतले लोक. मग १९३९ मध्ये ‘उतुसान मलायू’ आलं, जावीतलं दैनिक. त्याच्या उभारणीत युसूफ इशाक हे नाव पुढे होतं. हेच पुढे सिंगापूरचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

मग जावी गेली कशी?

कोणी बंदी घातली नाही. ती हळूहळू मागे सरकली.

१८२४ मध्ये इंग्रज आणि डचांनी करार करून मलाय मुलूख आपसात वाटून घेतला. दोघांनीही मलाय रोमनमध्ये लिहायला घेतली, पण आपापल्या भाषेच्या सवयीने. डच पद्धत १९०१ ची, इंग्रजी पद्धत १९०४ ची. ‘चुचु’ म्हणजे नातू. इंग्रजी बाजूला त्याचं स्पेलिंग वेगळं, डच बाजूला भलतंच लांबलचक. जावीत मात्र दोन्हीकडे एकच. एका भाषेची माणसं एकमेकांची पुस्तकं वाचताना अडखळू लागली. हे मिटायला १९७२ उजाडलं, तेव्हा दोन्ही देशांनी मिळून रोमन लेखन एकसारखं केलं.

मधल्या काळात स्वातंत्र्याची चळवळ आली आणि प्रश्न उभा राहिला की देशाची लिपी कुठली. १९५६ च्या मलाय भाषा-साहित्य काँग्रेसमध्ये रोमनच्या बाजूने कौल झाला. ‘असास ५०’ या तरुण लेखकांच्या गटातले बरेचजण रोमनवाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. देशातली जवळपास निम्मी माणसं चिनी आणि भारतीय मूळाची. त्यांनी मलाय शिकावी असं वाटत असेल तर लिपी सोपी हवी. टाइपरायटर, छपाई, इंडोनेशियाशी देवघेव, सगळ्याला रोमन बरी. विरोध करणाऱ्यांचंही खोटं नव्हतं. ते म्हणत, सहाशे वर्षांचं लिहिलेलं पुढची पिढी वाचणार कशी?

१९६३ च्या राष्ट्रभाषा कायद्यात मधला मार्ग निघाला. राष्ट्रभाषेची लिपी रोमन, पण जावी वापरायला मनाई नाही. कागदावर अगदी समंजस. पण ‘मनाई नाही’ आणि ‘गरज आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. १९६७ मध्ये उतुसानने रोमनमधलं भावंडं काढलं, ‘उतुसान मलेशिया’. वाचक तिकडे गेले. जावीतलं मूळ दैनिक वाळत वाळत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बंद पडलं. जावी उरली मदरशात, धार्मिक पुस्तकांत, केलांतान-तेरेंगानूसारख्या राज्यांतल्या पाट्यांवर, ब्रुनेईत आणि दक्षिण थायलंडच्या पट्टानी भागात. सगळ्यांच्या व्यवहारातली लिपी एका समाजाची, एका धर्माची खूण होऊन बसली. २०१९ च्या वादळाची बीजं इथे आहेत.

ती तीन पानं

मलेशियात सुमारे १,३०० चिनी आणि पाचशेवर तमिळ प्राथमिक शाळा आहेत. २०१९ च्या जुलैत जाहीर झालं की पुढच्या वर्षीपासून या शाळांतल्या चौथीच्या मलाय पुस्तकात जावीची ओळख असेल. आधी सहा पानं. परीक्षा नाही, गुण नाहीत. पण चिनी शिक्षणसंस्था खवळल्या. त्यांचा संशय असा की ही लिपीच्या मागून धर्माची सक्ती. मलाय संघटना खवळल्या की आमच्या वारशाचा तुम्हाला एवढा तिटकारा का? सहाची तीन पानं झाली. मग ठरलं की पालक हो म्हणाले तरच. तरी धग विझली नाही. डिसेंबरमध्ये चिनी शिक्षणसंस्थांची परिषद भरायची होती, ती कोर्टाच्या आदेशाने थांबवावी लागली. जानेवारी २०२० मध्ये शिक्षणमंत्री मस्झली मलिक यांनी राजीनामा दिला. जावी हे एकच कारण नव्हतं, पण कारणांच्या यादीत ती होती.

मला यात दोन्ही बाजूंचं काहीतरी पटतं. तीन पानांनी कोणी बाटत नाही, हे खरं. आणि ज्यांच्या शाळा कायम टांगत्या तलवारीखाली आहेत त्यांना वरून आलेल्या प्रत्येक फर्मानाचा संशय येतो, हेही खरं. हीच तीन पानं ‘बघा, तुमच्या गावच्या जुन्या कागदात काय लिहिलंय’ म्हणून आली असती, तर? लिपी इतिहासाच्या दारातून आणली की पोरं उत्सुकतेने बघतात. अस्मितेच्या दारातून आणली की मोठी माणसं भांडतात.

आपलं काय?

आपण मोडी १९५० च्या आसपास शाळेतून काढली. कारणं तीच, छपाई आणि सोय. भांडण झालं नाही, कोणी मोर्चा काढला नाही. शांतपणे विसरलो. त्याची किंमत आता कळतेय. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत, त्यांचीही तीच गत. माणसाचा दाखला, त्याच्या पोराची फी, नोकरी, सगळं एका कागदावर अडलेलं. कागद समोर आहे, आपल्याच पणजोबाचं नाव त्यात आहे आणि वाचता येत नाही. आरक्षणाच्या वादात तुम्ही कुठल्या बाजूला आहात याच्याशी याचा संबंध नाही. तहसीलच्या व्हरांड्यात हा प्रश्न सगळ्यांना सारखाच भेडसावतो.

मलेशियाकडे निदान जिवंत लिपी आहे, नोटेवर आहे, नियम आहेत, भांडायला दोन बाजू आहेत. आपल्याकडे भांडण्याइतकीही मोडी उरली नाही.

म्हणून एवढंच सांगणं. घरात मोडीतले कागद असतील, खतं, फारकती, जुन्या वह्या, तर रद्दीत घालू नका. फोटो काढून ठेवा, कापडात बांधून ठेवा. पुण्या-मुंबईत आणि बऱ्याच जिल्ह्यांत मोडीचे वर्ग चालतात. घरातल्या एका तरी पोराला पाठवा. सक्ती करू नका, आधी तो कागद दाखवा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.